टोचा, पण नंबराने टोचा

अहो, तुम्ही अजून टोचून घेतलं नाही? मग चारचौघांत जरा जपून बोला. आमच्या पुण्यात हल्ली गुडघा कोणाला दाखवता, असं कोणी विचारत नाही. सुया कुठे लावता, असं विचारतात. पर्वती चढताना पाय मुरगळला, बॅडमिंटन खेळताना खांदा गेला, स्कूटरवरून पडून मनगट दुखावलं, नातवाला उचलताना कमरेत उसण भरली, सगळ्यांची वरात शेवटी पडद्यामागच्या त्या कॉटकडेच निघते. आणि वरातीत कोण? रक्त तपासायला एक सुई टोचायची म्हटलं की भिंतीकडे तोंड करून कुलदैवताचा धावा करणारे हेच लोक! एका सुईला भिणारी माणसं वीस सुयांचे पैसे आगाऊ भरतात. काय म्हणावं या समाजाला?

बरं, लाजेकाजेस्तव लपून करावं, तर तेही नाही. सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो येऊन पडतो. उघडी पाठ, तिच्यावर दोन रांगांत उभ्या सुया आणि खाली मजकूर, 'चौथं सिटिंग. ऐंशी टक्के फरक.' ज्या मावशींनी उभ्या जन्मात पाठीवरचा पदर ढळू दिला नाही, त्यांची पाठ अमेरिकेतल्या भाच्यापासून नाशिकच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी मोठी करून पाहिली. व्याह्यांना निदान संकोच वाटावा? छे! त्यांनी खाली विचारलं, 'पत्ता पाठवा.'

संध्याकाळी सहानंतर अशा एखाद्या चालत्या दवाखान्यात डोकावून या. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत रिसेप्शनवरच्या मुलीपुढे वही, वहीत नंबर, आणि 'माझा बावीस होता, हा चोवीस आत कसा गेला?' यावरून चाललेली खणाखणी. पुढे कॉटची रांग, मध्ये हिरवे पडदे. प्रत्येक कॉटवर कोणीतरी आडवं, कोणाचा घोटा उघडा, कोणाची मान. डॉक्टर एका कॉटवरून दुसऱ्या कॉटकडे. बारीक नळी त्वचेवर टेकवायची, वरून टिचकी, नळी काढून घ्यायची, पुढची सुई. कुठे सुयांना चिमटे लावून मशीनचा करंट सोडलेला, त्यामुळे मालकाची परवानगी नसताना पोटरी आपली आपण उडते आहे. कुठे लाल दिवा कमरेवर रोखलेला. आणि सतत कोणाचा तरी टायमर वाजतोय. तो आपला की शेजारच्याचा, हे पडल्या पडल्या कळत नाही. ओरडून विचारावं लागतं.

पडदे अंग झाकतात, आवाज नाही. त्यामुळे कॉट क्रमांक दोनच्या बाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न का मोडलं, हे कॉट क्रमांक पाचपर्यंत सगळ्यांना ठाऊक. बिल्डरने ताबा दिला नाही तेही ठाऊक. मध्येच डॉक्टर सुई जराशी फिरवतात आणि विचारतात, 'जड वाटतंय? मुंग्या आल्या?' चिनी परंपरेत ही जडशी, ठणकती, पसरत जाणारी जाणीव आली की सुई लागू पडली असं धरतात. आमच्याकडे तिची लगेच स्पर्धा होते. 'मला तर पार करंगळीपर्यंत गेलं,' असं एक आवाज सांगतो. पलीकडून दुसरा म्हणतो, 'मला पहिल्याच दिवशी डोक्यापर्यंत!'

नव्या माणसाला खरा धक्का बसतो तो जागेचा. खांदा धरलाय म्हणून गेलेल्या गृहस्थांना पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगतात. का, तर आखडलेल्या खांद्यासाठी सुई नडगीच्या बाजूला लावायची! वर डॉक्टर ती फिरवत म्हणणार, 'आता हात वर करा बघू.' गृहस्थ भीतीपोटी हात वर करतात आणि तो रोजच्यापेक्षा चार बोटं जास्त वर जातो. मग सोसायटीत महिनाभर दुसरा विषय नाही. आता दुखतं वर आणि टोचतात खाली, ही रीत सभ्य माणसाला पटायची कशी? पण अभिजात चिनी परंपरेत असे ३६१ बिंदू नेमून दिलेले आहेत. शिवाय तांग काळातल्या सुन सिमियाओ या वैद्याच्या नावावर एक सोपा नियमही सांगतात: दाबत जा, रोगी जिथे 'आई गं' करेल तिथे टोच. हा नियम आमच्या आजीलाही ठाऊक होता. फक्त ती टोचत नसे, चोळत असे.

आजीचा विषय निघालाच आहे तर तिच्या काळाचीही थोडी बदनामी करू. तेव्हा उसण भरली की गावात पायाळू माणूस शोधायचे. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्याने कमरेला पाय लावला की उसण जाते, ही पक्की समजूत. भलेभले सरदार-इनामदार पोरासोरांकडून पाठीत लाथ घालून घेत, आणि वर त्याला गूळ-खोबरं देत. मुरगळलं तर बिब्ब्याचा चटका, आंबेहळदीचा लेप, नाहीतर हाडवैद्याचा एक झटका. तुंबडी लावणारा दारोदार फिरायचा. नव्या पिढीने हे सगळं अडाणीपणा म्हणून मोडीत काढलं. आणि मग २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर तुंबडीचे जांभळे गोल दिसले! आता तीच पिढी सुयांबरोबर 'कपिंग'ही करून घेते, आणि गोल नीट दिसावेत म्हणून बिनबाह्यांचा टी-शर्ट घालते.

आता तर हक्काची भांडणं लागली आहेत. अ‍ॅक्युपंक्चरवाले म्हणतात सुई आमची. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आम्ही बिंदूबिंदू मानत नाही. स्नायूत गाठ लागते तिथे सुई घालतो, ते ड्राय नीडलिंग. आयुर्वेदाचे वैद्य म्हणतात, चीनचं काय कौतुक सांगता, आमचं विद्धकर्म आहे की. पेशंटला यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं. तो फक्त विचारतो, 'पार्किंग आहे का?'

पण ही लागण आजची नाही, आणि एकट्या पुण्याचीही नाही. खरी खमंग भानगड १९७१ सालची आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बडे पत्रकार जेम्स रेस्टन जुलैमध्ये चीनमध्ये होते. त्यांना तिथे कळलं की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर गुपचूप बीजिंगला येऊन गेले आणि एवढी मोठी बातमी आपल्या हातून निसटली. त्याच क्षणी जांघेत पहिली कळ आली असं वाटतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. कळ अपेंडिक्सची निघाली. बीजिंगच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तीही रीतसर भुलीचं इंजेक्शन देऊन. मग सुया कशाला? तर नंतर पोटात वायू धरला, म्हणून! उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया लावल्या, पोटाशी जळत्या वनस्पतीचा शेक दिला, आणि तासाभरात ताण उतरला. रेस्टननी मिस्किलपणे हेही नोंदवलं की सुयांच्या कळांमुळे पोटावरचं लक्ष तरी उडालं.

एवढंच घडलं होतं. पण अमेरिकेत बातमी पसरली ती अशी की चीनमध्ये सुया टोचून, भूल न देता पोट फाडतात! पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आले आणि मग तर कोणाचाच कोणाला धरबंद राहिला नाही. १९७२ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला सुयांचं केंद्र उघडलं. गर्दी इतकी उसळली की सरकारला जाग आली आणि परवान्याच्या मुद्द्यावर ते आठवडाभरात बंद पडलं. मंडळी हटली का? नाव नको. केंद्र वॉशिंग्टनला गेलं आणि न्यूयॉर्कचे दुखरे गुडघे बसगाड्या भरभरून तिकडे जाऊ लागले. एका पत्रकाराच्या पोटातल्या वायूने अख्खा देश हलवला, असं म्हटलं तर अमेरिकन पाहुणे रागावतील, पण हकिकत हीच आहे.

त्याहून वरताण नेवाडाची. आर्थर स्टाइनबर्ग नावाचे निवृत्त वकील तिथे राहायला आलेले. त्यांच्या डोक्यात आलं की सुयांना कायद्याची मान्यता मिळवायची. भाषणं नाहीत, निवेदनं नाहीत. त्यांनी हाँगकाँगहून लोक यी-कुंग हे जाणकार बोलावले आणि १९७३ मध्ये कार्सन सिटीत विधिमंडळाच्या समोरच्याच हॉटेलात प्रात्यक्षिक मांडलं. रस्ता ओलांडून आमदार येऊ लागले. कोणाची पाठ, कोणाचा खांदा, कोणाची जुनी दुखापत. टोचून घेऊन परत सभागृहात! व्हायचं तेच झालं, विधेयक जवळपास एकमताने मंजूर झालं आणि सुयांना कायद्याने मान्यता देणारं नेवाडा हे अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. लोकप्रतिनिधींना असं आडवं पाडून मतं मिळवणं नीतीला धरून आहे का, यावर आमच्या कट्ट्यावर बराच खल झाला. आडवं पाडून घेतलेलं मत उभ्याने विकलेल्या मतापेक्षा बरं, असं शेवटी ठरलं.

आपल्या विधिमंडळाने असं प्रात्यक्षिक मागवल्याचं ऐकिवात नाही, पण कायदा मात्र केला. महाराष्ट्राचा अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धतीचा कायदा २०१५ चा. त्यातून परिषद आली, नोंदणी आली. २०१९ मध्ये केंद्रानेही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. म्हणजे ज्यांना वाटतं की हे सगळं गल्लीबोळातलं प्रकरण आहे, त्यांनी आता तोंड आवरतं घ्यावं. आणि 'चिनी थेरं' म्हणून नाकं मुरडणाऱ्या सोलापूरकरांनी तर विशेष. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला, तो तुम्ही पाहिला असेलच. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉक्टर बिजॉय कुमार बसू पन्नाशीच्या दशकाअखेर पुन्हा चीनला गेले, सुया लावायला शिकून आले आणि भारतात ही विद्या त्यांनी रुजवली. पंजाबात लुधियान्याला अ‍ॅक्युपंक्चरचं रुग्णालय आहे, तेही कोटणिसांच्या नावाचं. आता बोला!

मोठ्या लोकांच्या घरातही हे चाळे जुनेच. फ्रान्समध्ये १८१० साली सुया टोचून पाहणारे खेड्यातले डॉक्टर लुई बर्लिओझ हे संगीतकार हेक्टर बर्लिओझचे तीर्थरूप. पुढे १८२० च्या दशकात पॅरिसला सुयांचा ज्वर चढला. आणि गंमत बघा, त्याच दशकात, १८२२ मध्ये, चीनच्या दाओग्वांग सम्राटाने दरबारी वैद्यकसंस्थेतला सुयांचा विभाग बंद केला. सम्राटाच्या अंगाला टोचणं शोभत नाही म्हणे! तिकडे त्यांनी टाकून दिलं, इकडे यांनी उचललं. विल्यम ऑस्लर यांना तर आधुनिक वैद्यकाचे भीष्माचार्य मानतात. त्यांनी १८९२ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात कमरेच्या ताज्या उसणीवर सुयांची शिफारस केली. खास सुया नसतील तर बायकांच्या टोपीच्या लांब पिना निर्जंतुक करून चालतील, असंही लिहिलं. म्हणजे तेव्हाच्या लंडन-बाल्टिमोरात दवाखान्यातून परतताना बाईंची टोपी उडाली, तर तिची पिन कोणाच्या कमरेत राहिली असेल, याचा विचार न केलेलाच बरा.

आता गुण येतो का, हा प्रश्न. इथे दोन्ही पक्षांची अब्रू जाते, म्हणूनच तो चवीचा आहे. जर्मन लोकांना कशाचंही नीट मोजमाप केल्याशिवाय झोप लागत नाही. त्यांनी जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी केली; निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया. दुसऱ्या गटाला बिंदू सोडून भलतीकडे, वरवर टोचलेल्या. तिसऱ्या गटाला नेहमीचे उपचार: गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी पाहिलं तर शास्त्रोक्त गटात ४७.६ टक्के लोकांना गुण आलेला. सुयांचे भक्त पेढे वाटायला निघाले. तेवढ्यात भलतीकडे टोचलेल्यांचा आकडा आला, ४४.२ टक्के! पेढे परत डब्यात. मग संशयवादी हसायला लागले, तर नेहमीच्या उपचारांचा आकडा आला, २७.४. त्यांचंही हसू मावळलं.

एका जर्मन संशोधकाने १९९८ मध्ये अशी सुई काढली की ती त्वचेला टेकली की नाटकातल्या खंजिरासारखी आपल्याच मुठीत सरकते. रुग्णाला वाटतं घुसली, घुसलेली नसते. तिच्यानेही पुष्कळांना बरं वाटतं. तेव्हा सगळा मनाचा खेळ, असं म्हणून मोकळे होऊ नका. २०१० मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या संशोधकांनी उंदरांच्या पायात सुई घालून ती अधूनमधून फिरवली, तर तिथे अडेनोसिन हे वेदना शमवणारं द्रव्य वाढलं. त्या उंदरांना व्याह्यांनी पत्ता पाठवला नव्हता की त्यांनी ग्रुपवर फोटो पाहिला नव्हता. अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअरनेही २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सिटिंगचा खर्च मान्य केला. सरकार पैसे देतंय म्हटल्यावर भल्याभल्या शंकेखोरांची कंबर दुखू लागली असणार.

आमचा संशय मात्र वेगळाच आहे. जर्मनीत खऱ्या गटाला आणि भलत्या गटाला सुया वेगवेगळ्या मिळाल्या, पण एक गोष्ट दोघांनाही सारखीच मिळाली: दर खेपेला अर्धा तास पडून राहणं. आता आपल्या माणसाचं बघा. अस्थितज्ज्ञाने हाताला झोळी बांधून 'आराम करा' सांगितलेलं असतं. गृहस्थ 'हो हो' म्हणतात आणि परतीच्या वाटेवर त्याच हातात मंडईची पिशवी घेतात. पाय मुरगळलेल्या बाई खुर्चीत बसून राहतील, पण कुकरची तिसरी शिट्टी झाली की उठतीलच. सांगून आराम करणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्माला यायचा आहे. पण अंगात वीस सुया उभ्या असताना हलणार कोण? हलाल तर दुखेल, फोन घ्यायला हात मोकळा नाही, कुकर चार गल्ल्या लांब. टोचणं हे निमित्त. माणूस जागच्या जागी खिळला जातो, हा खरा उपचार.

शिवाय दहा सिटिंगचे पैसे आधीच भरलेले, ते वसूल करायचे म्हणून न चुकता जायचं. आठवड्याला दोन म्हणजे पाच आठवडे. साधा मुरगळलेला घोटा तेवढ्या दिवसांत आपला आपणही पुष्कळ सावरतो, पण ते श्रेय त्याला कोण देतो? आणि प्रत्येक खेपेला कोणीतरी विचारतं, 'परवापेक्षा हात किती वर जातो?' घरात हा प्रश्न विचारणारं कोणी नसतं. घरी विचारतात, 'दुखतंय दुखतंय म्हणता, मग गच्चीवर कसे गेलात?'

थट्टा पुरे, चार शहाणपणाच्या गोष्टी याच ओघात ऐकून ठेवा. पडलात, सूज आली, पाय टेकवत नाही, तर आधी एक्स-रे. मोडलेल्या हाडाला सुया लावून ते सांधत नाही. दुखणं पायात उतरून बधिरपणा आला, किंवा लघवीचा ताबा सुटला, तर सरळ मोठं रुग्णालय गाठा. सुया तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाल्या पाहिजेत आणि वापरून झाल्यावर मोजून काढल्या पाहिजेत. नोंदणीचा कागद भिंतीवर आहे का बघा. नुसते गणपती आणि नटीबरोबरचा फोटो म्हणजे नोंदणी नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधी सांगा. खांद्याजवळ, बरगड्यांवर खोल टोचलं तर फुप्फुसाला भोक पडल्याचे प्रकार झालेले आहेत. क्वचित, पण झालेले आहेत.

आणि सुई मोजून काढायची का, ते कोरियात विचारा. दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष रोह ते-वू यांना खोकला जाईना. २०११ मध्ये तपासलं तर श्वासनलिकेत साडेसहा सेंटिमीटरची अ‍ॅक्युपंक्चरची सुई! सोलच्या विद्यापीठ रुग्णालयात ती काढली. मग देशभर एकच चर्चा: ही टोचली कोणी? कोणी पुढे येईना. माजी राष्ट्राध्यक्षांच्या छातीत सुई आणि तिला वारस नाही! मंत्रिमंडळातल्या भानगडींवरचं लक्ष तरी उडालं असेल.

तेव्हा तुम्हाला जायचं तर जा बापडे, आमची हरकत नाही. ज्यांना सुईची भीतीच वाटते त्यांच्यासाठी एक घरगुती तोड आहे. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम नेमाने करा, आणि रोज संध्याकाळी अर्धा तास दुखरं अंग उशीवर ठेवून आडवे व्हा. फोन दुसऱ्याच्या हातात, स्वयंपाकघर दुसऱ्याच्या ताब्यात, कोणी हाक मारली तरी उठायचं नाही. हे आम्ही सोसायटीत सगळ्यांना सुचवून पाहिलं. माना डोलावल्या, तोंडभर कौतुक केलं, आणि मग एकाने दबक्या आवाजात विचारलं, 'पण याची फी किती?' फी नाही म्हटल्यावर सगळे उठून नंबर लावायला गेले.